रोशन नाहीतर रोहन

पोस्ट वरठी, २४ नोव्हेंबर २००३

रत्नमाला,

वरती काय लिहायचं ते ठरलं नाही. अनेक आशीर्वाद, सप्रेम जय भीम, असं काही काही असते, ते तूच मले चुलीपुढं पाटी घेऊन शिकवलं होतं. पण पाच वर्षं बोलणं नाही अन् वरती आशीर्वाद लिहायचा, हे खोटं दिसते. म्हणून नुसतं नाव लिहिलं. ते नाव पाळण्यापाशी तुझ्या सत्यभामा आत्यानं घेतलं होतं, पण तिच्या कानात ते मीच सांगितलं होतं. तेवढा हक्क अजून माझ्याकडं आहे.

कामाचं सांगते. तुझ्या भावाले पोरगा झाला. दहा तारखेला, भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात. अडीच किलोचा आहे, रडायले पाच किलोचा. जीवनच्या बायकोले तू पाहिलं नाहीस. तृप्ती नाव. पवनीकडची आहे, बारावी शिकली, तोंडानं गोड अन् मनानं पक्की. तिचं माहेरचं गाव गोसीखुर्दच्या धरणात चाललं. तिच्या बापाचं अर्धं सामान जुन्या घरी, अर्धं नव्या जागी टिनाखाली. तिथं बाळंतीण कुठं नेऊन निजवणार, म्हणून बाळंतपण मीच इथं केलं.

आता तू हे वाचून काय म्हणशीन ते मले माहीत आहे. म्हण.

रविवारी, चौदा डिसेंबरले, पाळण्यात घालायचं आहे. जीवनची त्या दिवशी कारखान्याले सुट्टी असते. नाव ठेवायले आत्या लागते अन् याले सख्खी आत्या तू एकच आहेस. दुसरी करायची तं आता तुझा बाप नाही.

नावं दोन निघाली आहेत. रोशन अन् रोहन. जीवनले रोशन पाहिजे, तृप्तीले रोहन पाहिजे. मले तं दोन्ही एकाच पोत्यातले तांदूळ वाटतात. पण दोघं नवराबायको असे भांडून राहिले की जसं एका नावानं पोरगा कलेक्टर होणार अन् दुसऱ्यानं हमाल. शेवटी मीच सांगून टाकलं की आत्या ठरवीन.

तं येजो. येत नसशीन तं कार्डावर एक नाव लिहून धाड.

धान कापणं झालं, चुरून दाणे काढणं बाकी आहे. माझे गुडघे गेले. बाकी ठीक.

धुरपताबाई


१ डिसेंबर २००३

रत्नमाला,

आठ दिवस झाले. वरठीवरून तुमच्या खदानीच्या गावाले, चिखल्याले, पत्र दोन दिवसांत पोचते, मी पोस्टमनले विचारलं. चिखला काही परदेश नाही. चार वर्षांमागं गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला, तवा मी म्हटलं आता चिखलाही तिकडं जाईन, मंग म्हणता येईन, पोरगी दुसऱ्या जिल्ह्यात आहे, लांब आहे. पण नाही. चिखला भंडाऱ्यातच राहिला. तेवढंही निमित्त मिळालं नाही.

इथं घराचा बाजार झाला आहे. परवा जीवन कारखान्यातून आला, हातपाय न धुता झोळीपाशी गेला अन् म्हणते, “काय रे रोशन.” तृप्ती आतून भाजी चिरता चिरता म्हणते, “रोहन झोपला आहे.” एकाच ताटात जेवणारे आता दोन कोपऱ्यांत बसून जेवतात. लेकराले काही फरक नाही, ते कोणत्याही नावानं मुतते.

ग्रामपंचायतीचा शिपाई यादोराव दोनदा येऊन गेला. त्याले वहीत नाव पाहिजे. मी म्हटलं, आत्या आल्याशिवाय नाव नाही. तो म्हणते, “काकू, आत्या कोण? रत्नमाला? ती येणार आहे?” अन् असं पाहिलं माझ्याकडं की जसं मी म्हटलं तुझा बाप उठून येणार आहे. मी त्याले चहा पाजला नाही.

शकुनबाई रोज येते. तुले आठवते ना, आपल्या पलीकडची, जिभेले हाड नाही. तिचं म्हणणं, सख्खी नाही तं मानलेली आत्या चालते, माझी पोरगी उभी राहीन, पातळाची पण तिची काही मागणी नाही. तिच्या पोरीचं पातळ शकुनबाईनं आधीच पाहून ठेवलं आहे, हे मले दुसरीकडून कळलं. मी म्हटलं, सख्खी जिवंत असताना मानलेली कायले? तं ती म्हणते, “जिवंत आहे, पण तुमच्यासाठी आहे का?”

मी तिले जाय म्हटलं.

जीवन म्हणे, माय, मी रविवारी मोटारसायकलीनं जातो अन् ताईले घेऊन येतो, दोन तासांचं काम आहे. मी जाऊ दिलं नाही. म्हटलं, पत्र गेलं आहे, पत्राच्या पाठीमागं माणूस धाडत नसतात. तो म्हणते, “काहून माय? मी गेलो तं काय होते?” मी उठली अन् धान वाळवायले गेली.

तू म्हणशीन, ही नावं कुठून निघाली. तं जीवनच्या कारखान्यात कोणी साहेब आहे, त्याच्या पोराचं नाव रोहन आहे म्हणे. तिथून निघालं असेन. आजकाल सगळ्याइचे पोरं रोशन नाहीतर रोहनच असतेत.

अन् तू मागं कधी पत्र लिहिलं होतं असं शकुनबाई म्हणाली होती, तसं काही आमच्याकडं आलं नव्हतं. ते मी तवाच तिच्या तोंडी कळवलं होतं. आता पुन्हा लिहून ठेवते.

उत्तर धाड. चौदा तारीख काही थांबत नाही.

धुरपताबाई


६ डिसेंबर २००३

रत्ना,

तुझं पत्र काल मिळालं. चार ओळी. वरती ‘माय’ लिहिलं आहे अन् खाली सही नाही.

आज सहा डिसेंबर. सगळा मोहल्ला विहारात गेला आहे, जीवन अन् तृप्तीही लेकराले घेऊन गेले. मी म्हटलं माझे गुडघे दुखतात. गुडघे दुखतातच, पण त्याच्यासाठी राहिली नाही. हे पत्र एकटीनंच लिहायचं होतं.

तू लिहिलंस, ‘ही दोन नावं मी एकदाच लिहिली होती, एकाच पत्रात. ते पत्र मिळालं नाही असं तू शकुनबाईकडून सांगितलं. मंग तुझ्याजवळ ही नावं कशी?’

पत्र मिळालं होतं.

आता हे लिहिलं तं बाकीचंही लिहिते. अर्धं कापलेलं धान शेतात ठेवून घरी जाता येत नाही.

जिल्हा फुटला त्या वर्षीच्या धान रोवण्याचे दिवस होते. मी बांधीतून आली, पाय चिखलाचे, अन् पोस्टमन दारात. त्यानं पत्र माझ्या हातात दिलं, कारण तुझा बाप बैल घेऊन गेला होता. निळं पत्र. अक्षर तुझं. मी ओसरीवर न जाता गोठ्यात गेली अन् तिथं उभ्यानं वाचलं. तू वाचायले शिकवलं नसतं तं कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, मंग लपवता आलं नसतं. तुझ्या शिकवणीचा मी हा उपयोग केला.

त्यात तू लिहिलं होतं की पोरगा नऊ दिवसांचा झाला. इकडं नाव ठेवायले आत्या नाही. यांची बहीण यांच्या बापाच्या धाकात आहे, सासरे भैय्यालालजीनं आम्हाले घराबाहेर काढलं, कोणी येणार नाही. म्हणून माय, तूच सांग. मी दोन नावं काढली आहेत, रोशन नाहीतर रोहन. तू सांगशीन ते ठेवते. तुझं कार्ड आलं की त्याच दिवशी ठेवते.

मले सगळं पाठ आहे. आता ते पत्र पाहायची गरज नाही. पण आहे. फाडलं नाही. धानाच्या ढोलीत तळाशी डब्यात ठेवलं होतं, कारण ढोलीच्या तळाशी माझ्याशिवाय कोणी हात घालत नाही.

त्याच्या आधी चैतात तू निरोप धाडला होता, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आहे म्हणून. मी सांगितलं, माझ्या घरी जागा नाही. घर तेच आहे, तेव्हाही एवढंच होतं. पोरीचं केलं नाही अन् सुनेचं केलं. तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

अन् आतापर्यंत सगळ्याइले मी काय सांगितलं, की तिच्या बापानं शपथ घेतली आहे, माझं काही चालत नाही. तेही खरं नाही. तुझा बाप दोन महिन्यांतच मऊ पडला होता. रोज पोस्टमनले विचारायचा, पोरीचं काही? पोस्टमन माझ्याकडं पाहायचा. मी नाही म्हणून मान हलवायची. तो मेला तोपर्यंत त्याले माहीत नव्हतं की त्याले नातू झाला होता. तू लिहिलं नाही म्हणून तो तुझ्यावर रुसून मेला. रुसायले मी पाहिजे होती.

काहून केलं, हे तू विचारलं नाहीस, पण तू विचारशीन.

लोक म्हणतात डायवर आहे, हिंदीवाला आहे, आपल्यातला नाही म्हणून. तसं मीही म्हणत होती, कारण तसं म्हटलं की लोक गप्प बसतात. माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, अन् त्याच्या नातीच्या घरी पुन्हा देव्हारा, हे मले लागलं. खोटं कायले सांगू. पण त्याच्याहून जास्त मले हे लागलं की तू मास्तरीण होणार होतीस. डीएडचं एक वर्ष राहिलं होतं. आपल्या घरात पहिली. मी दुसऱ्याच्या बांधीत कमरेपर्यंत वाकली ते तुले फळ्यापुढं उभी पाहायले. अन् तू टरकाच्या क्याबिनीत जाऊन बसलीस. मले वाटलं, माझं सगळं वाकणं तिनं रस्त्यावर टाकलं. मंग पत्र आलं की नाव सांग. मी म्हटलं, आता माय आठवली. राहू दे दोन दिवस, कळू दे.

दोन दिवस. मी एवढंच म्हटलं होतं.

एकविसाव्या दिवशी तो गेला, हे मले शकुनबाईनं सांगितलं. ती लग्नाले तिकडं आली होती अन् तू तिले रस्त्यात विचारलं की माझं पत्र मायले मिळालं का. ती इथं येऊन मले विचारायले लागली. मी भात काढून राहिली होती. तिनं सांगितलं, तीन दिवस ताप होता, नाव ठेवायचं राहून गेलं होतं. मी म्हटलं, पत्र आलंच नाही. तसंच सांगजो तिले. मंग सगळ्याइले जेवायले वाढलं.

आता नावाचं. कारखान्यातला साहेब कोणी नाही. ते मी बनवलं. खरं असं झालं, यादोराव वही घेऊन ओसरीवर बसला, तृप्ती नावाच्या पुस्तकातून चाळीस नावं वाचून दमली, जीवनले एकही पटेना, लेकरू बोंबलत होतं. जीवन वैतागून म्हणते, माय, तूच सांग बरं एक. अन् माझ्या तोंडातून निघालं, रोशन नाहीतर रोहन. मले दुसरं कोणतं नाव येतच नव्हतं. चार वर्षं तोंडात एकच गोष्ट ठेवली की माणसाचं तोंड दुसऱ्या कामाचं राहत नाही. अन् दोघाइलेही आवडलं. एकाले एक, एकीले एक. आता माघारी घ्यायचं तं काहून ते सांगावं लागते.

मी तुझ्या पोराचे नाव चोरले नाहीत. पण घरात आणून ठेवले, हे खरं.

माफी मी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याले द्यावी लागते, अन् हे तुझ्या अंगावर टाकायचं मले बरोबर वाटत नाही. तुले राग ठेवायचा आहे तं ठेव. तो तुझा आहे.

पण जीवनच्या लेकराचं नाव तेवढं सांग.

धुरपताबाई


१० डिसेंबर २००३

रत्ना,

सांगितलं. दोघाइलेही. सोमवारी सकाळी जीवन कामावर जायच्या आधी, तो भाकर खाऊन राहिला होता.

जीवननं ताट बाजूले सारलं. मले वाटलं ओरडीन. तो ओरडला नाही. मोजे घातले, एक बूट घालून तसाच बसला. मंग म्हणते, “बाबाले तरी सांगायचं होतं, माय.” तेवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. पाणी लागलं तं स्वतः घेते.

तृप्ती उठली अन् माझ्या मांडीवरून लेकरू उचललं. जोरानं नाही, भांडून नाही. जसं चुलीजवळून कापड बाजूले घेतात तसं. रोज सकाळी त्याले तेल मी लावत होती. आता ती लावते. तिले जमत नाही, पोट्ट्याच्या मानेखाली हात ठेवत नाही, पण मी बोलत नाही. तिच्या जागी मी असती तं मीही उचललं असतं.

ती म्हणाली, “ते दोन्ही नाव ताईंचे आहेत. ताई सांगतील तसं. नाही आल्या तर आम्ही तिसरं शोधू, पण या दोनातलं ठेवणार नाही.” बारावी शिकली आहे, बोलते तं असं वकिलासारखं. जीवननं मान हलवली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा दोघाइचं एका गोष्टीवर जमलं.

तं आता इथं असं आहे. पाळणा सुताराकडून आला. शकुनबाईच्या पोरीचं पातळ तसंच राहिलं. यादोराव विचारते अन् मी म्हणते चौदाले सांगीन. काय सांगीन ते मले माहीत नाही. तू आलीस तं लेकराले नाव आहे, नाही आलीस तं चौदा तारखेले पाळणा बांधून सगळे एकमेकांच्या तोंडाकडं पाहतीन. अन् मी मेली तरी गाव म्हणीन, या बाईनं एकाले नाव मिळू दिलं नाही, दुसऱ्याचंही अडवलं.

मी त्या दिवशी घरात नसावं असं तुले वाटत असेन तं तसं लिही. मी शकुनबाईकडं जाऊन बसीन. त्याच्याहून मोठी शिक्षा मले तरी सुचत नाही.

माझ्यासाठी येऊ नको. त्याच्यासाठी ये.

धुरपताबाई


१५ डिसेंबर २००३

रत्ना,

तू काल आलीस अन् काल गेलीस. माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

मी सकाळपासून रस्त्याकडं पाहत नव्हती. तू म्हणशीन पाहत होती, तं नाही. मी मागच्या खोलीत लाखोळीच्या डाळीचे वडे तळून राहिली होती. तुले आवडायचे म्हणून नाही, वीस माणसं येणार होती. अकरा वाजले, विहारातले जाणते माणसं येऊन बसले, बायका बसल्या, शकुनबाई सगळ्यात समोर, तिच्या पोरीले नवं पातळ नेसवून. जीवन तीनदा फाटकापर्यंत जाऊन आला. बारा वाजले. वंदना सुरू करा म्हणाले कोणी. तृप्ती म्हणाली, अजून थोडं थांबू. बायका कुजबुजायले लागल्या. मी आत कढईपाशी उभी होती अन् हातातला वडा कढईत सोडायचा विसरली.

मंग जीवनचा आवाज आला, “ताई.”

मी बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून पाहिलं. बारीक झालीस. केस पुढून पांढरे झाले, एवढ्या लवकर माझेही झाले नव्हते. बोटाले धरून एक पोट्टी होती. ती आहे हे मले माहीत नव्हतं. कोणी सांगितलं नाही, अन् मी विचारलं कुठं होतं.

जावई रस्त्यावर गाडीपाशीच उभे राहिले. जीवन गेला अन् हात धरून आत घेऊन आला. पाटावर बसवलं. तुझ्या बापाच्या फोटोखाली. त्याइनं फोटोले हात जोडले. आता ‘त्याइनं’ असं मानानं लिहिते, पण मी त्याइले आजपर्यंत एकदाही जावई म्हटलं नव्हतं.

वंदना झाली. पाच बायकाइनं पाळण्याले हात लावला. तृप्तीनं लेकरू तुझ्या हातात दिलं अन् म्हणाली, “ताई, तुम्ही.” शकुनबाईही गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. तू त्याच्याकडं खूप वेळ पाहत राहिलीस. मले वाटलं आता ही लेकरू परत देईन अन् निघून जाईन. तसं केलं असतंस तरी मी काही म्हणू शकत नव्हती.

मंग तू वाकलीस, त्याच्या कानात कुर्र केलंस अन् काहीतरी म्हणालीस. बायका मागून म्हणतात, काय ठेवलं, मोठ्यानं सांग. तू सरळ झालीस. बायकाइकडं नाही पाहिलंस. दाराच्या फटीकडं पाहिलंस. मी तिथं आहे हे तुले माहीत होतं.

“रोशन माझा होता,” म्हणालीस. “हा रोहन.”

कोणी टाळी वाजवली नाही. तृप्तीनं डोळ्याले पदर लावला. जीवन, ज्याले रोशन पाहिजे होतं, तो म्हणते, “रोहन. ठीक आहे. रोहन.” यादोरावनं तिथंच खिशातून पेन काढून कागदावर लिहिलं. मी कढईपाशी परत गेली अन् गॅस बंद केला, तेल जळून राहिलं होतं.

तू जेवली नाहीस. वड्याले हात लावला नाहीस. तुझी पोट्टी मात्र आत आली. कढईपाशी उभी राहिली अन् म्हणते, “पानी पाहिजे.” धड हिंदी नाही, धड मराठी नाही. मी गिलासात पाणी दिलं. प्याली. मंग वडा पाहिजे म्हणाली. दोन खाल्ले अन् तिसरा मुठीत धरून गेली. तू दारातून पाहत होतीस, तिले हाक मारली नाहीस. जावई तिले गुड्डी म्हणत होते. ते लाडाचं असेन. खरं नाव काय, ते मी तिले विचारलं नाही. तुले विचारीन असं ठरवलं.

तीन वाजता तुम्ही गेलात.

सांजच्यानं तृप्तीनं तेलाची वाटी आणून माझ्यापुढं ठेवली अन् लेकरू मांडीवर दिलं. मी मानेखाली हात ठेवून तेल लावलं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायले बसली ते.

या लिफाफ्यात एक कार्ड आहे. जुनं आहे, चार वर्षांपूर्वीचं, आता तसंच टाकलं तं पोस्टात चालणार नाही, म्हणून लिफाफ्यात घातलं. तुझं पत्र गोठ्यात वाचलं त्याच दिवशी सांजच्यानं मी हे लिहिलं होतं. पत्ता पाहा, तुझाच आहे, चिखल्याचा. ‘ख’ पाहा, चुकला आहे, तेव्हा मले नीट येत नव्हता. दोनदा हे कमरेले खोचून वरठी टेशनपर्यंत गेली. दोनदा त्या लाल डब्यापुढं उभी राहिली. एकदा कार्ड अर्धं आत गेलं होतं, मी परत ओढलं. म्हटलं, दोन दिवसांनी टाकीन.

त्याच्यावर एकच ओळ आहे. ‘रोहन ठेव.’

तं माझं उत्तर हे होतं. तू विचारलं होतंस, आता पोचलं. अन् तू माझ्या उत्तराची वाट न पाहता, तुझ्या मनानं, तुझ्या पोराचं रोशन ठेवलंस. कधी ठेवलंस ते मले माहीत नाही. तो असताना ठेवलंस की नंतर, की कालच पाळण्यापुढं. ते मी विचारत नाही. बरोबर केलंस. मायनं वेळेवर सांगितलं नाही तं पोरीनं थांबू नये.

कार्ड ठेव, नाहीतर चुलीत घाल. तुझं आहे.

मले दोन गोष्टी लिहून धाड. एक, गुड्डीचं खरं नाव. दुसरी, त्याले कुठं पुरलं ती जागा. खदानीच्या कॉलनीपाशी आहे की नाल्याकडं, झाड आहे का काही खूण आहे, एवढं लिही. धान चुरणं झालं की तुमसरवरून बस पकडून येईन. एकटी येईन. तुझ्या घरी येणार नाही, बोलावलं तरी त्या दिवशी नाही. चहाही नको. त्या जागी पाच मिनिटं बसीन अन् त्याले नावानं एकदा हाक मारीन.

रोशन म्हणूनच मारीन. कार्डावरचं नाही.

तुझी माय